सापडत नाही म्हणे!

मराठीत 'नाहीये' आणि 'सापडत नाहीये' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. "हिंग नाहीये" म्हटलं की पायात चपला घालून वाण्याकडे जायचं. "हिंग सापडत नाहीये" म्हटलं की आतून आवाज येतो, "नीट बघ, मोहरीच्या डब्यामागे आहे." पहिल्या वाक्यात वस्तूबद्दल माहिती आहे, दुसऱ्यात शोधणाऱ्याबद्दल. हा फरक चार वर्षांच्या पोराला कळतो. संगणकालाही कळतो, कारण आपण कुठे बघितलं आणि कुठे नाही हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नसतं. कळवून घ्यायचा नाहीये तो त्याला बोलायला शिकवणाऱ्यांना. आजची पोस्ट त्यांच्या नावाने.

नेहमीच्या ब्लॉगवाल्या मंडळींना पुढचं माहीत असेल, पण इथे माझ्या मावश्या, आत्या आणि त्यांचे जावईही येऊन वाचून जातात (प्रतिक्रिया मात्र फोनवर देतात!), म्हणून थोडक्यात सांगतो. पॅकेज मॅनेजर म्हणजे संगणकावर सॉफ्टवेअर आणून देणारा गडी. तुम्ही नाव सांगायचं, तो ते सॉफ्टवेअर आणतो, त्याला आणखी काय काय लागतं ते बघतो, तेही आणतो आणि सगळं जागच्या जागी लावतो. बऱ्याचशा वस्तू तयार मिळतात. काही मात्र घरी करून घ्याव्या लागतात, आणि त्यासाठी हत्यारं लागतात - कंपायलर, लिंकर, मेक वगैरे. चकली घरी करायची तर सोऱ्या लागतो, तसं. या हत्यारांच्या गठ्ठ्याला म्हणायचं डेव्हलपर टूल्स. आणि आपला विषय असा की सोऱ्या कपाटात आहे, दिसतोय, हात लावून बघता येतोय, आणि गडी म्हणतोय की घरात सोऱ्याच नाही.

हवेतलं बोलायला नको म्हणून मॅकचं उदाहरण घेतो. मॅकवर सर्वात जास्त चालणारा पॅकेज मॅनेजर म्हणजे होमब्रू. मॅक्स हॉवेल यांनी तो २००९ साली सुरू केला. त्यातले सगळे शब्द गुत्त्यातले आहेत: फॉर्म्युला, केग, सेलर, टॅप, आणि तयार मिळणाऱ्या मालाला चक्क बॉटल. (आत्या, हे वाक्य तुम्ही वाचलं नाहीत.) त्याच्याही आधीपासूनचा म्हणजे मॅकपोर्ट्स, जो २००२ साली डार्विनपोर्ट्स या नावाने जन्मला. दोघांनाही हत्यारं लागतात ती ॲपलची: एक तर एक्सकोड हे अख्खं धूड, जे डिस्कवर कित्येक जीबी खातं, नाहीतर त्यातलीच निवडक हत्यारं असलेला छोटा गठ्ठा, ज्याला कमांड लाइन टूल्स म्हणतात.

आता संवाद ऐका. होमब्रूला काही आणायला सांगितलं, तर तो कधीकधी म्हणतो: डेव्हलपर टूल्स टाकलेलीच नाहीत, अमुक आज्ञा द्या म्हणजे ती येतील. तुम्ही शहाण्यासारखी ती आज्ञा देता. ती आज्ञा म्हणजे 'एक्सकोड-सिलेक्ट'ला 'इन्स्टॉल' जोडून चालवणं. त्यावर एक्सकोड-सिलेक्ट म्हणतं: टूल्स आधीच टाकलेली आहेत, अपडेट हवं असेल तर सॉफ्टवेअर अपडेटमध्ये बघा. तिथे जाता. तिथे काहीच अपडेट नसतं. परत होमब्रूकडे येता. तो परत म्हणतो, नाहीत.

एक म्हणतो नाही, दुसरा म्हणतो आहे, तिसरा म्हणतो माझ्याकडे काही काम नाही. तालुक्याच्या कचेरीत ज्यांनी एकदा तरी फेरफाराची नोंद करून घेतली आहे त्यांना हे त्रिकूट ओळखीचं वाटेल. फरक इतकाच, की कचेरीत निदान खिडकीपलीकडच्या माणसाच्या तोंडावर बोलता येतं.

असो. हे असं का होतं ते सांगतो, कारण कारण कळल्याशिवाय राग नीट येत नाही. :)

पूर्वी ही भानगड कमी होती. एक्सकोड २००३ साली आलं, तेव्हापासून कितीतरी वर्षं ते 'डेव्हलपर' नावाच्या एका ठरलेल्या फोल्डरमध्ये जाऊन बसायचं. फेब्रुवारी २०१२ मध्ये एक्सकोडची ४.३ आवृत्ती आली आणि ते इतर प्रोग्रामांसारखं 'ॲप्लिकेशन्स'मध्ये राहायला गेलं, कमांड लाइन टूल्स वेगळी झाली. २०१३ साली मॅव्हरिक्स आलं, तेव्हा या टूल्सना 'लायब्ररी'च्या आत 'डेव्हलपर' आणि त्याच्या आत 'कमांडलाइनटूल्स' असं स्वतःचं घर मिळालं. म्हणजे हत्यारं दोन ठिकाणी असू शकतात. मग सिस्टिमने कुठली वापरायची? त्यासाठी एक बाण ठेवलेला आहे. हा बाण एकाच जागेकडे रोखलेला असतो, आणि जो कुणी हत्यार मागेल त्याला बाणाच्या दिशेने पाठवलं जातं. एक्सकोड-सिलेक्टचं काम म्हणजे हा बाण फिरवणं.

गोष्ट इथे बिघडते. समजा कुणी आधी अख्खं एक्सकोड टाकलं. बाण तिकडे वळला. पुढे डिस्क भरली म्हणून ते धूड उचलून कचऱ्यात टाकलं, छोटा गठ्ठा मात्र 'लायब्ररी'मध्ये शाबूत आहे. बाण अजून रिकाम्या जागेकडेच! जो येईल त्याला सिस्टिम त्या पाडलेल्या घराच्या पत्त्यावर पाठवते. शेजारच्या गल्लीत हत्यारं व्यवस्थित रचून ठेवलेली आहेत, पण तिकडे डोकावून बघण्याची कुणाला बुद्धी होत नाही. उपाय काय? बाण फिरवा. एक ओळ, एक सेकंद. डाउनलोड शून्य.

दुसरा प्रकार याहून मासलेवाईक. मॅकवर कुठलंही पॅकेज टाकलं की सिस्टिम त्याची एक पावती ठेवते. मी गंमत करत नाहीये, तिचं अधिकृत नावच पावती आहे. पॅकेज मॅनेजरला टूल्सची आवृत्ती कोणती ते हवं असतं, म्हणून तो ही पावती मागतो. मोठ्या सिस्टिम अपग्रेडनंतर कधीकधी टूल्स जागेवर राहतात आणि पावती गहाळ होते. पावती नाही म्हणजे आवृत्ती कळत नाही, आवृत्ती कळत नाही म्हणजे टूल्स नाहीत. वस्तू समोर ठेवलेली असताना "पावती दाखवा" म्हणणाऱ्याशी काय वाद घालणार?

तिसरा प्रकार: एक्सकोड अपडेट झालं की त्याचा करारनामा पुन्हा मान्य करावा लागतो. तो होईपर्यंत हत्यारं कुलपात. एक्सकोड स्वतः हे बऱ्यापैकी स्पष्ट सांगतं, पण मध्ये तीन प्रोग्राम असतील तर तिसऱ्याच्या तोंडून तुमच्यापर्यंत येईस्तोवर त्याचं "कंपायलर चालत नाही" एवढंच उरतं. लहानपणी कानगोष्टी खेळायचो तसं.

चौथा प्रकार २०२० नंतरचा. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक आले. इंटेलच्या यंत्रावर होमब्रू 'यूएसआर लोकल'मध्ये राहायचा, नव्या यंत्रांवर तो 'ऑप्ट'मधल्या 'होमब्रू' या फोल्डरमध्ये राहतो. जुन्या यंत्रावरचं सगळं सामान नव्यावर हलवलं की जुना होमब्रूही पाठोपाठ येतो. एका घरात दोन गडी, दोघांचं नाव एक, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. तुम्ही हाक मारता तेव्हा कुठला 'ओ' देईल हे पाथमध्ये कोण आधी बसलाय त्यावर ठरतं.

आणि याच्या बरोब्बर उलटही आहे! कोऱ्या करकरीत मॅकवर गिट कुठे आहे विचारलं तर सिस्टिम लगेच जागा दाखवते. क्लँग? आहे. मेक? आहे की. चालवायला गेलात की खिडकी उघडते: हे वापरायला टूल्स लागतील, आणू का? म्हणजे तिथे नुसत्या पाट्या होत्या, दुकानं नव्हती. नाही ते आहे म्हणायचं आणि आहे ते नाही म्हणायचं. या यंत्रांना 'बुद्धिमान' वगैरे म्हणताना माझी जीभ अडखळते ती उगाच नाही.

तांत्रिक इथवर पुरे. आता ज्या कारणाने मी हे लिहायला बसलो ते सांगतो.

माझी भाची पुण्यात एका क्लासला जाते. वाणिज्य शाखेची पदवी झाल्यावर तिने स्वतःच्या मनाने ठरवलं की प्रोग्रामिंग शिकायचं, आणि आमच्या ताईने एफडी मोडून क्लासची फी भरली, वर एक वापरलेला लॅपटॉप घेऊन दिला. दीड महिना बरा गेला. मग एक दिवस पॅकेज मॅनेजरने तिला सांगितलं, टूल्स नाहीत. तिने क्लासमध्ये विचारलं. तिथल्या सरांनी पडद्याकडे तीन सेकंद बघितलं आणि सांगितलं, फॉरमॅट मारून आण. तिने फॉरमॅट केलं नाही, कारण केलेलं सगळं काम त्यावरच होतं. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, मशीन रेडी नसेल तर प्रॅक्टिकलला बसायचं नाही, आणि तसंही जुन्या लॅपटॉपवर हे जमत नसतं, नवीन घ्या, हप्त्यावर मिळतो.

मग तिने जे सगळे करतात ते केलं. आंतरजालावर जे सापडेल ते चालवलं. काढून टाकायच्या आज्ञा, त्याही सुपर-युजरच्या अधिकाराने, पासवर्ड देऊन. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कित्येक जीबी दोनदा उतरवले. दोन्ही वेळा उत्तर तेच.

मला फोन आला तो आठवड्यानंतर, आणि तोही ताईचा. लॅपटॉप कुठला चांगला, एवढंच तिला विचारायचं होतं. मी भाचीला फोन द्यायला सांगितलं.

"मामा, राहू दे रे," ती म्हणाली. "मला नाही जमत हे. बाकीच्या सगळ्यांचं चालतंय, माझंच काहीतरी चुकतंय."

"तुझं काय चुकतंय?"

"तेच कळत नाहीये ना. तो म्हणतोय नाहीत, मी टाकली, परत म्हणतोय नाहीत. म्हणजे मीच काहीतरी चुकीचं करत असणार."

मी तिला फक्त एवढंच सांगितलं, की सिस्टिमला विचार बाण कुठे आहे. तिने विचारलं. तिने वाचून दाखवलेल्या जागेवर काय आहे ते बघायला सांगितलं. काहीच नव्हतं. लॅपटॉपच्या आधीच्या मालकाने मोठं पॅकेज काढून टाकलं होतं, बाण तिथेच सोडला होता. छोटा गठ्ठा तिने स्वतः टाकलेला, जागच्या जागी, अगदी बरोबर. तिचं काहीही चुकलेलं नव्हतं. बाण फिरवला आणि काम सुरू झालं. सगळं मिळून दहा मिनिटं, त्यातली चार ताई मध्ये मध्ये "जेवलास का" विचारत होती त्यात गेली.

मला राग त्या क्लासचा आहेच. ज्याची फी घेतली त्याच्या पडद्यावरची ओळ वाचायला ज्यांना वेळ नाही त्यांनी वडापावची गाडी टाकावी. तिथे निदान तेल तापलंय का ते बघावं लागतं. पण मोठा राग आहे तो "माझंच काहीतरी चुकतंय" या वाक्याचा. हे वाक्य त्या मुलीच्या डोक्यात आलं कुठून? पडद्यावरूनच आलं. संदेशात लिहिलं होतं "टूल्स नाहीत". 'मला दिसली नाहीत' असं लिहिलेलं नव्हतं. जो नवशिका आहे तो यंत्राच्या शब्दावर शंका घेत नाही, स्वतःवर घेतो. जुना खोड लगेच म्हणतो, "हा खोटं बोलतोय, बघू कुठे बघत होता ते." ही शंका घेण्याची हिंमत यायला दहा वर्षं लागतात. पहिल्या दीड महिन्यात ज्यांची वाट लागते ते त्या दहाव्या वर्षापर्यंत पोचतच नाहीत. मग आपण परिषदा भरवतो, की वाणिज्य-कला शाखेच्या मुली या क्षेत्रात टिकत का नाहीत बुवा!

यावर ठरलेली उत्तरं येतात. मी ती सगळी ऐकून बसलोय.

एक उत्तर असं, की प्रोग्रामर व्हायचंय ना, मग एवढं कळायला नको? कळायला हवं, मान्य. पण ते शिकायचं कशावरून? डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीला थर्मामीटरने खोटा आकडा दाखवायचा आणि वर म्हणायचं, डॉक्टर व्हायचंय ना, ताप हाताने ओळख? चुकीचा संदेश शिकवतो तो चुकीचाच धडा.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे: होमब्रू, मॅकपोर्ट्स ही स्वयंसेवकांची कामं आहेत, चकटफू वापरताय आणि वर तोंड करून बोलताय. इथे मी जरा थांबतो. ही माणसं रात्री जागून जे करतात त्यावर आपल्या सगळ्यांची पोटं चालतात आणि आपण त्यांना धड धन्यवादही देत नाही. शिवाय बाण, पावती, पाट्या यांतलं काहीच त्यांनी ठरवलेलं नाही. ॲपल दर वर्षी सिस्टिमची नवी आवृत्ती काढतं आणि हे बिचारे मागून धावतात. होमब्रूमध्ये 'डॉक्टर' नावाची एक सोय आहे, ती इशारे देते आणि वर समजूतही घालते की सगळं चालत असेल तर काळजी करू नका. 'कॉन्फिग' अशी दुसरी सोय आहे, ती टूल्सची कुठली आवृत्ती दिसतेय ते सांगते. म्हणजे माहिती त्यांच्याकडे आहे! तीच माहिती, जेव्हा माणूस अडलेला असतो नेमक्या त्या क्षणी, नेमक्या त्या ओळीत का नाही देत? फुकट जेवण घालणाऱ्याला मीठ कमी आहे असं सांगणं हा कृतघ्नपणा नव्हे. दुसऱ्या पंगतीच्या आत सांगितलं तर उपकारच.

तिसरं उत्तर मला सर्वात जास्त डोक्यात जातं: "काढून टाक आणि परत टाक, होईल." होतंही पुष्कळदा, तीच तर पंचाईत आहे. टूल्स फारच जुनी झाली असतील तेव्हा होमब्रूचा स्वतःचा संदेशसुद्धा शेवटचा उपाय म्हणून हेच सांगतो: सगळा फोल्डर उडवा, नव्याने उतरवा. पावती हरवली असेल तर याने पावती नवी मिळते, हे खरं. पण बाण चुकलेला असेल तर तुम्ही हजार वेळा उतरवा, बाण जागचा हलेलच असं नाही. आणि हलला तरी तुम्हाला काय कळलं? काहीच नाही. पुढच्या अपग्रेडला तेच. आपल्याकडे 'काखेत कळसा, गावाला वळसा' म्हणतात. या सल्ल्यात तर काखेतला कळसा आधी फोडायला सांगतात, मग वळसा घालून नवा आणायला. ज्यांच्याकडे ऑफिसचं अमर्याद इंटरनेट आहे त्यांना त्याचं काही वाटत नाही. ज्या मुलीचा दिवसाचा डेटा दीड जीबी आहे तिने काय करावं?

आणि अनोळखी माणसाने लिहिलेली 'सगळं उडवा' छापाची आज्ञा, पासवर्ड टाकून, न वाचता चालवायची सवय आपण पोरांना पहिल्याच महिन्यात लावतो. त्या आज्ञेत एका जागी रिकामी जागा चुकून पडली तर काय काय उडेल याची कल्पना ज्यांना आहे त्यांच्या अंगावर काटा येईल. मग दुसऱ्या वर्षी त्यांनाच सुरक्षिततेवर व्याख्यान द्यायचं. वा!

ही खोड फक्त मॅकची नाही, तसं समजून विंडोजवाल्यांनी मिशीला पीळ देऊ नये. पायथनचं एखादं पॅकेज टाकताना व्हिज्युअल सी प्लस प्लस हवं म्हणून अडून बसणारा संदेश तिकडच्या लोकांना पाठ आहे. व्हिज्युअल स्टुडिओ टाकलेला असतो, फक्त टाकताना सी प्लस प्लसच्या चौकटीत टिचकी मारायची राहिलेली असते. आणि युनिक्सच्या घराण्यात तर हा वारसाच आहे. स्क्रिप्ट समोर आहे, यादीत दिसतेय, चालवायला जावं तर म्हणे अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही. कारण काय, तर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ज्या इंटरप्रिटरचं नाव आहे तो जागेवर नाही. स्क्रिप्ट आहेच, नाही ती दुसरीच वस्तू! चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर बत्तीस बिटांचा प्रोग्राम चालवताना त्याचा लोडर नसला तरी हेच उत्तर. मुलाचा बाप घरी नाही म्हणून मुलगाच जन्मला नाही असं सांगण्यासारखं आहे हे.

बरं, यापेक्षा चांगलं जमतच नाही म्हणावं तर तसंही नाही. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ साली ऑटोकॉन्फ सुरू केलं. त्याची कॉन्फिगर स्क्रिप्ट लोक हळू म्हणून शिव्या घालतात, पण ती एकेक वस्तूचं नाव घेते, तपासते, उत्तर लिहिते, आणि काय चालवलं आणि काय बोंबललं ते सगळं एका नोंदवहीत ठेवून जाते. भाषा अगदी रुक्ष, पण प्रामाणिक. नोड-जिपचं घ्या. विंडोजवर त्याला व्हिज्युअल स्टुडिओ पटला नाही तर तो ओळीने सांगतो: या जागी ही आवृत्ती सापडली, तिच्यात हे होतं, हे नव्हतं, म्हणून घेतली नाही. दिसायला भला मोठा लाल मजकूर येतो, नवशिके घाबरतात, पण वाचला तर त्यात उत्तर असतं. रस्टच्या मंडळींनी २०१६ साली कंपायलरच्या संदेशांची नव्याने मांडणी केली, एल्मच्या लोकांनी त्याच्याही आधी केली होती, आणि दोन्हीकडे लोक आज चूक झाली तरी संदेश वाचून पुढे जातात. म्हणजे अवघड काही नाही. कुणीतरी बसून, अडलेल्या माणसाच्या खुर्चीत बसून, चार वाक्यं लिहायची आहेत.

कोणती चार, तेही सांगतो, म्हणजे नुसतीच टीका केली असं व्हायला नको. मी अमुक वस्तू शोधत होतो. मी या या ठिकाणी बघितलं. तिथे मला हे दिसलं. म्हणून मी थांबलो. बस्स! उपाय नाही सांगितला तरी चालेल. उपाय सांगण्याची घाईच सगळा घोळ करते, कारण उपाय एकच सांगता येतो आणि कारणं चार असतात. भाचीच्या पडद्यावर "या फोल्डरमध्ये बघितलं, हा फोल्डरच अस्तित्वात नाही" एवढं आलं असतं तर तिला मामा लागलाच नसता. तिला इंग्रजी वाचता येतं.

तोवर ज्यांचं अडलंय त्यांच्यासाठी, उतरवायला धावण्याआधी हे करा. सिस्टिमला बाण कुठे आहे ते विचारा: एक्सकोड-सिलेक्टला डॅश पी लावून. जी जागा दाखवेल तिथे खरंच काही आहे का ते डोळ्यांनी बघा. नसेल, आणि 'लायब्ररी'मध्ये टूल्स असतील, तर 'स्विच' लावून बाण तिकडे वळवा किंवा 'रीसेट' करून मूळ जागी आणा. जागेवर सगळं असेल तर क्लँगला त्याची आवृत्ती विचारा; करारनाम्याचं कुलूप असेल तर तिथेच कळेल. तेही ठीक असेल तर पीकेजीयुटिलकडे पावती मागा. पावती नसेल तरच, आणि तरच, काढून परत टाकण्याचा विचार करा, आणि तोही घरच्या वायफायवर. नव्या चिपचा मॅक असेल तर 'ब्रू' नक्की कुठल्या फोल्डरमधून चालतोय ते सगळ्यात आधी बघा, जुना असेल तर बाकीचं करण्यात अर्थ नाही.

भाची प्रॅक्टिकलला बसली. क्लासने लॅपटॉपबद्दल नंतर काही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. ताईला मात्र नवीन लॅपटॉप घ्यायचाच होता असं आता दिसतंय, तो विषय मी घरगुती पातळीवर हाताळेन.

आणि नातेवाइकांना एक विनंती. संगणक अडला म्हणून फोन करताना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवत जा. पूर्ण. "काहीतरी एरर आलाय" एवढ्यावर मला काही सांगता येत नाही. मजकूर लांब असेल तर शेवटच्या ओळीपासून वर जात पहिली तक्रार कुठे सुरू झाली ती ओळ शोधा आणि तिचा फोटो पाठवा. सरळ धरून, आणि फ्लॅश बंद करून!